लाल गालांचं दुखणं

सुहार्नीचे गाल लाल होते, गोल होते, आणि तिच्या सगळ्या कटकटीचं मूळ त्या गालांतच होतं. लाली आजाराची होती आणि गोलाई औषधाची. पण आमच्या सुम्बरजो वाडीत एवढं ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे? इथे माणूस समोर आला की आधी त्याची तब्येत डोळ्यांनी जोखतात. सुकलेला दिसला तर हळहळतात, भरलेला दिसला तर खूश होतात. सुहार्नी तीन वर्षं आजारी होती आणि तीन वर्षं लोक तिला सांगत होते की तुझं बाकी मस्त चाललंय.

आजाराचं नाव ल्युपस. ते कळायलाही दीड वर्ष गेलं होतं. आधी दवाखान्यातल्या नर्सने टायफॉइड म्हटलं. मग नवऱ्याने, वागिमानने, अंगात वारा भरलाय असं ठरवलं आणि शेजारच्या मुर्यानीला बोलावलं. मुर्यानीने वारा काढायला तेल लावून नाण्याच्या कडेने तिची पाठ अशी खरवडली की लाल-जांभळे पट्टे पंधरा दिवस गेले नाहीत. एवढा वारा मी जन्मात पाहिला नाही, असं मुर्यानी नंतर महिनाभर सगळीकडे सांगत फिरली. शेवटी योग्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी चार नळ्या रक्त काढून नाव सांगितलं, आणि हेही सांगितलं की यात शरीर स्वतःशीच भांडत बसतं. सुहार्नीने ते जसंच्या तसं नळावर पाणी भरताना बायकांना सांगितलं.

"नवरा आहे ना भांडायला," मुर्यानी म्हणाली, "स्वतःशी कशाला भांडतेस, यू?"

यू म्हणजे थोरली बहीण. वाडीत सगळ्याच तिला यू हार्नी म्हणत, वयाने मोठ्या असणाऱ्यासुद्धा. त्या दिवशी नळावर सगळ्या हसल्या, सुहार्नीही हसली, आणि घरी येऊन तिने ठरवलं की आता हे नाव परत तोंडातून काढायचं नाही.

दुखण्यापेक्षा थकव्याने तिच्या नाकी नऊ आणले होते. लोकांना थकवा म्हटलं की वाटतं, शेतातून आल्यावर येतो तो. तो झोपला की जातो. हा झोपून उठल्यावर यायचा. रोज सकाळी तिला किती ताकद मिळाली आहे ते आधी चाचपून बघावं लागे, आणि मग कोरड्या महिन्यात टाकीतलं पाणी पुरवतात तशी ती पुरवावी लागे. अंगण झाडलं तर स्वयंपाक नाही, स्वयंपाक केला तर धुणं नाही. एकदा तिने केस धुतले आणि दिवस संपला. केस धुवून दमलेल्या बाईला सहानुभूती कोण दाखवणार? ती स्वतःलाही दाखवू शकत नव्हती. पूर्वी डोक्यावर गवताचा भारा घेऊन टेकडी चढणारी बाई ती, आता वाटीत वाटी घालून ठेवताना मध्ये बसायची आणि स्वतःवरच चरफडायची.

वागिमान भला माणूस होता. भला म्हणजे, न सांगता भात टाकायचा आणि सांगितलं तरी करपवायचा. तोही मधूनच विचारायचा, आज कसं वाटतंय. रोजचं तेच उत्तर देऊन ती इतकी वैतागली होती की एकदा तिने सांगितलं, कालच्यासारखंच, आणि उद्याही विचारू नको. तो बिचारा दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, आज विचारू का?

हे सगळं तिने तसंच रेटलं असतं. पण मुलीचं, विगातीचं, लग्न बसार महिन्यात, म्हणजे आमच्या लग्नसराईच्या महिन्यात, ठरलं आणि तिथे गाडं अडलं.

आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक विकत आणत नाहीत. ज्या घरी लग्न, त्या घरी तीन दिवस आधीपासून वाडीतल्या बायका राबायला जातात. याला रेवांग म्हणतात. कुणी कुणाला निमंत्रण देत नाही, कुणी कुणाला मजुरी देत नाही. आपण तिच्या घरी गेलो की ती आपल्या घरी येते, एवढाच कायदा, आणि तो कुठल्याही सरकारी कायद्यापेक्षा कडक. न येणाऱ्या बाईला एखाद वेळेस माफी असते. येऊन अर्ध्यातून उठून जाणाऱ्या बाईला नसते. तिला चूल आवडली नाही, असा त्याचा अर्थ होतो.

सुहार्नीने तीन वर्षांत दोन लग्नं चुकवली होती. पहिल्या वेळी ती इस्पितळात होती, दुसऱ्या वेळी सांधे सुजून घरीच आडवी होती. तिसऱ्या लग्नाला ती गेली होती आणि दुपारी भिंतीला धरून घरी निघून आली होती. आता विगातीच्या लग्नाला कुणी आलंच नाही तर? चुली पेटलेल्या, कढया चढलेल्या, आणि मागच्या अंगणात आपण आणि करपवणारा नवरा, दोघंच. विगाती कापडाच्या कारखान्यात कामाला, शहरात राहणारी. ती सहज म्हणाली की जेवण बाहेरून मागवू. सुहार्नीने तिला अशी काही झापली की पोरीने दोन रविवार फोन केला नाही. वाडीच्या वरच्या टोकाला एका घराने तसं जेवण मागवलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली, आणि अजून त्या घराची ओळख तशीच करून देतात.

तेवढ्यात वाडीप्रमुखांच्या घरचं लग्न आलं. बसार महिन्याच्या आधीचं शेवटचं. सुहार्नीने ठरवलं, काय वाटेल ते होवो, तीनही दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जायचं. तिने आठवडाभर आधी काम बंद केलं आणि ताकद साठवायला पडून राहिली. साठत नाही, हे तिला माहीत होतं. तरी पडून राहिली. वागिमान नळावर कपडे धुताना दिसला आणि वाडीला आठवडाभराचा विषय मिळाला.

पहिल्या दिवशी ती वेळेवर पोचली. मागच्या अंगणात मांडव घातलेला, पंधरा-वीस बायका छोट्या कांद्यांचे ढीग सोलत बसलेल्या, कुणी नारळ खवतंय, कुणी सागाच्या पानांत टेंपे, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, बांधतंय. सगळ्या कामाची सूत्रं बू पारिनाकडे; बू म्हणजे आईच्या मानाची बाई. ही बाई वाडीतलं प्रत्येक लग्न आणि प्रत्येक मयत सांभाळते, कंबरेला फडकं खोचून, कुणाकडेही न बघता सगळ्यांना कामाला लावते. आवाज चढवत नाही. चढवायची वेळच येत नाही.

"यू हार्नी आली," मुर्यानीने दवंडी पिटली. "बघा गं, गाल बघा. आराम मानवला हिला."

बू पारिनाने गाल बघितले आणि तिला जेनांग घोटायला उभं केलं. चिकट तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि ताडगूळ, हे कढईत घालून वल्ह्याएवढ्या लाकडी उलथन्याने चार तास घोटायचं. थांबलं की खाली लागतं. घट्ट होत गेलं की उलथनं हलत नाही, अख्खं अंग हलवावं लागतं. धडधाकट माणसं आलटून पालटून करतात ते काम. सुहार्नीने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून हो बाहेर पडलं. आमच्यात मोठ्या बाईसमोर दुसरं काही बाहेर पडतच नाही. मनातल्या मनात मात्र तिने त्या जेनांगला, त्या उलथन्याला आणि स्वतःच्या लाल गालांना जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या सगळ्या दिल्या.

तिने दीड तास घोटलं. मग एका तरुण सुनेने आपणहून उलथनं घेतलं, तेव्हा तिचे खांदे तिचे राहिले नव्हते. तरी ती संध्याकाळपर्यंत थांबली. कांदे सोलायला बसली आणि तिने तासाभरात सात कांदे सोलले. शेजारची म्हातारी ते सात कांदे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बोटं मिटेनात. ती रोजच सकाळी आखडलेली असत, पण आज पार लाकूड झाली होती. वागिमानने तिच्या पोलक्याची बटणं लावली, तीही एक सोडून. आज राहू दे, असं तो म्हणाला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने निमूटपणे चप्पल पुढे सरकवली. खायला वेळ नव्हता. सकाळची गोळी तिने रुमालात बांधून घेतली, कारण ती पोटात काही असल्याशिवाय घ्यायची नाही अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती.

ती पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. बाकीच्या पहाटेपासून आलेल्या. मुर्यानी म्हणाली की वाफाळत्या भाताची आणि यू हार्नीची येण्याची वेळ एकच आहे. बायका हसल्या. सुहार्नीला चार घास मागायचा धीर झाला नाही. आल्या आल्या काम न करता ताट मागायचं? आणि सगळ्यांसमोर गोळी काढली असती तर या गोळ्या मूत्रपिंडाचं काय करतात याबद्दल प्रत्येकीकडे मत होतं, प्रत्येकीकडे हळदीचा एक काढा होता. ते सगळं परत ऐकायची तिची ताकद नव्हती. नारळ खवायला बसली आणि दहाच्या सुमाराला डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी ती उठून मागच्या तांदळाच्या खोलीत शिरली.

त्या खोलीत एरवी कुणी जात नाही. लग्नाचा भात म्बाह तुमिनेम शिजवते; म्बाह म्हणजे आजी. गेली चाळीस वर्षं वाडीतला प्रत्येक मोठा भात तिनेच वाफवला आहे. आधी अर्धवट शिजवायचा, मग बांबूच्या निमुळत्या टोपल्यांत भरून वाफेवर धरायचा. किती तांदूळ धुवायचे, कधी उतरवायचे, हे तिच्याशिवाय कुणी सांगत नाही. त्या दिवसांत ती उपास धरते, फारसं बोलत नाही, आणि तांदळाची पोती ठेवलेल्या खोलीत नैवेद्य मांडून ठेवते. भात बिघडू नये म्हणून. मशिदीतल्या तरुण मौलवींना ते पटत नाही, पण कच्चा भात त्यांनाही पटत नाही, त्यामुळे कुणी त्यात पडत नाही.

खोली थंड होती, अर्धवट अंधारी होती. सुहार्नी पोत्याला टेकून बसली. समोर ताटात केळी दिसली. तिने एक तोडलं, खाल्लं, गोळी गिळली, वर पाण्याचा घोट घेतला. पुरतं गिळून झाल्यावर तिला केळ्यांशेजारची फुलं दिसली. विड्याची पानं दिसली. कच्चं अंडं दिसलं.

हा त्या आजाराचा आणखी एक चावटपणा. थकवा डोक्यात शिरला की डोळे बघतात आणि डोकं वाचत नाही. गेल्या महिन्यात तिने चहात मीठ घातलं होतं, त्याचं हसू झालं. हे काही हसण्यासारखं नव्हतं. तिने साल कमरेला खोचली, उठून जायचं असं मनाशी म्हटलं, आणि पोत्याला टेकल्या टेकल्या तिला झोप लागली.

गलका ऐकून ती जागी झाली. बाहेर भाताची पहिली टोपली उतरवली होती आणि दाणा दाताखाली कचकचत होता. दुसरीही तशीच. शंभर माणसं दुपारच्या जेवणाला येणार होती. गडबडीत सुहार्नी दाराबाहेर निसटली, तोवर मुर्यानी तिच्याकडे न बघताच आत घुसली, नैवेद्य बघून आली आणि एक केळं कमी असल्याचं तिने जाहीर केलं.

मग जे व्हायचं ते झालं. आधी आळ उंदरांवर आला. उंदीर साल ठेवतो, साल नव्हती. मग मुर्यानी आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच खाली आणून, म्हणाली की म्हातारीनेच खाल्लं असेल. वय झालंय, उपास आठवला नसेल. कुणी नाही म्हणालं नाही. म्बाह तुमिनेम चुलीसमोर पाटावर बसली होती, हातातलं चुलीला वारा घालायचं सूप थांबलेलं. ती काहीतरी पुटपुटली, ते कुणी ऐकलं नाही.

बू पारिना तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. खूप मऊ आवाजात बोलली.

"म्बाह, खूप केलंत. आता तुम्ही घरी बसा. पुढच्या लग्नापासून दुसरी कुणीतरी बघेल."

तो मऊ आवाज सुहार्नीला ओळखीचा होता. गेली तीन वर्षं तिला तो सगळीकडून ऐकू येत होता. बस तू, राहू दे, आम्ही आहोत. त्या आवाजाने माणूस हळूच उचलून कोपऱ्यात ठेवता येतो आणि वर त्याने आभार मानायचे असतात. तिच्या मस्तकात तिडीक गेली. आपण गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही, विगातीच्या लग्नाला निदान चार जणी तरी येतील, हेही तिला त्याच क्षणी स्पष्ट दिसलं. आणि तिने कमरेची साल काढून बू पारिनासमोर धरली.

"केळं मी खाल्लं. म्बाहचा उपास मोडलेला नाही."

बू पारिनाने वर बघितलं. का, असं तिने विचारलं नाही, पण सुहार्नीला आता थांबता येईना.

"गोळी घ्यायची होती आणि पोटात काही नव्हतं. समोर नैवेद्य आहे हे मला दिसलंच नाही. मला असं होतं. हे गाल औषधाने सुजलेत आणि आजाराने लाल झालेत, मी काही सुखाने फुगलेली नाही. नाण्याने खरवडून हे जाणार नाही, हळदीने जाणार नाही, हे जाणारच नाही. मला रोज अर्धा दिवस मिळतो. तेवढाच असतो माझ्याकडे, कधी तोही नसतो. तो घ्यायचा तर घ्या, नको तर नको म्हणा. पण मला जेनांगला उभं करू नका आणि घरी बस असंही म्हणू नका. दोन्हीचा मला वीट आलाय."

एवढं ती गेल्या तीन वर्षांत मिळून बोलली नव्हती. मोठ्या बाईसमोर असं बोलल्यावर काय होतं हे तिने कधी पाहिलेलं नव्हतं, कारण कुणी बोलतच नाही. ती मनात विगातीची माफी मागत होती. हातातली साल कुठे टाकावी तेही तिला कळेना.

पहिली बोलली ती म्बाह तुमिनेम. "केळं खाल्ल्याने भात कच्चा राहतो होय?" ती करवादली. "लाकूड ओलं आहे. सकाळपासून दोनदा सांगितलं. वाफच धरत नाहीये. इथे म्हातारीचं ऐकतंय कोण?"

बू पारिनाने चुलीतलं एक लाकूड ओढून हात लावून बघितलं. मग मुर्यानीकडे बघितलं. मुर्यानी कोरडं सरपण आणायला शेजारच्या घराकडे पळाली. म्बाहने ताटात दुसरं केळं ठेवायला सांगितलं आणि ती सूप परत हलवायला लागली. तिला घरी बसवायचा विषय तिथेच मिटला.

बू पारिना गुडघ्यांवर हात टेकून उठली, सुहार्नीसमोर आली.

"कुठला अर्धा?"

सुहार्नीला आधी कळेचना. तीन वर्षांत तिला लोकांनी काय काय विचारलं होतं, कुणाची दृष्ट लागली का, नवस राहिला का, नवरा मारतो का. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"आठ ते बारा," ती म्हणाली. "त्याआधी बोटं मिटत नाहीत. त्यानंतर मी कामाची नाही."

"मग आता साडेबारा होत आलेत. इथे काय करते आहेस?" बू पारिना म्हणाली आणि तिच्या हातातली साल घेऊन चुलीत टाकली.

सुहार्नी घरी आली आणि इतकी चिडली की रडली. वागिमानला वाटलं, तिचा अपमान झाला. तिने सांगितलं की अपमान झाला नाही, हेच तर. तीन वर्षं छातीवर दगड घेऊन फिरायचं आणि त्या बाईने कांदे किती किलो आहेत ते विचारावं तसं विचारायचं. वागिमानला यातलं काही कळलं नाही. त्याने भात वाढला. तो करपलेला होता.

तिसऱ्या दिवशी ती खाऊन, गोळी घेऊन, आठ वाजता गेली. तिला सागाची पानं पुसायला बसवलं, म्बाह तुमिनेमच्या शेजारी. कुणी गालांबद्दल काही बोललं नाही. मुर्यानीने एकदा तोंड उघडलं होतं, पण मिटलं. कौतुक कुणी केलं नाही आणि हळहळ तर अजिबात नाही. म्बाह मधूनच विचारायची, वाफ कशी वाटते, आणि सुहार्नी मान वळवून बघून सांगायची.

बाराला ती उठली. वीस बायकांमधून, भर कामातून, पुढच्या वाटेने जायचं होतं. मागच्या लग्नात ती याच वेळी भिंतीला धरून, तोंड लपवून गेली होती. आज नुसती निघाली. दोन-तीन माना वर झाल्या, परत खाली गेल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि ऊन तिला चालत नव्हतं, म्हणून ती मांडवाच्या कडेला छत्री उघडायला थांबली.

"यू हार्नी," बू पारिनाने मागून हाक मारली. ती कढईवर वाकलेली होती, मान वर न करताच बोलत होती. "विगातीची तारीख अजून कळवली नाहीस तू. बायकांचे तीन दिवस आधी अडवून ठेवावे लागतात."

तारीख सुहार्नीला दोन महिन्यांपासून पाठ होती. कुणाला सांगायचा धीर झाला नव्हता, एवढंच.

"बसारची चौदा," ती म्हणाली. मग ती छत्री उघडायला लागली, आणि छत्री लवकर उघडेना.